तिकिटावर नसलेला रस्ता : धाराशिवची रेल्वे, १८९० चा कायदा आणि दंडाविरुद्धची दाद

रेल्वेच्या तिकिटावर काय काय लिहिलेले असावे हे कायद्याने ठरवून दिले आहे. प्रवास कोठून, कोठपर्यंत, कोणत्या वर्गाने आणि भाडे किती. १९८९ च्या कायद्याने त्यात तिकीट दिल्याची तारीख घातली. एक गोष्ट मात्र या यादीत १८९० मध्ये नव्हती आणि आजही नाही : मार्ग. तिकिटावर ‘वाया’ छापलेले दिसते ते रेल्वेच्या भाडे-नियमांमुळे आणि हिशेबाच्या सोयीसाठी. तिकिटाचे तपशील सांगणाऱ्या कलमात तो शब्दच नाही. या एका गैरहजेरीतून कोणता पेच उभा राहतो, त्याचा हा इतिहास, धाराशिव जिल्ह्याच्या रुळांवरून. (थ्रेड)

पेच असा. प्रवाशाच्या हाती तिकीट आहे. निघण्याचे आणि उतरण्याचे स्थानक बरोबर आहे, पैसे भरलेले आहेत, कोणाला फसवण्याचा विचार त्याच्या मनाला शिवलेला नाही. तरी तपासनीस म्हणतो, ‘हे तिकीट या मार्गाचे नाही,’ आणि दंडाची पावती फाडतो. हा प्रवासी चोर आहे का? विनातिकीट आहे का? आणि दंड चुकीचा वाटला, तर त्याने दाद कोणाकडे मागायची?

आधी रूळ कसे पडले ते पाहू. मुंबईहून सोलापूरकडे जाणारी जीआयपी रेल्वे बार्शीसारख्या मोठ्या बाजारपेठेला सुमारे एकवीस मैल दूर ठेवून गेली. जवळच्या स्थानकाला नाव मिळाले ‘बार्शी रोड’. तेच आजचे कुर्डूवाडी. हे अंतर भरून काढण्यासाठी एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने अडीच फूट रुंदीच्या रुळांची बार्शी लाइट रेल्वे उभारली आणि १८९७ मध्ये ती बार्शीपर्यंत धावू लागली. (हाच कॅलथ्रॉप पुढे वैमानिकांसाठी ‘गार्डियन एंजल’ नावाची हवाई छत्री तयार करणारा म्हणूनही ओळखला गेला.) १९०६ मध्ये ही लाइन पंढरपूरला पोहोचली, १९०७ मध्ये पूर्वेकडे तडवळ्यापर्यंत, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये दक्षिणेला मिरजेपर्यंत. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने कंपनी ताब्यात घेतली.

या लाइनने बार्शी सोडली की थोड्याच वेळात ती ब्रिटिशांचा सोलापूर जिल्हा ओलांडून निजामाच्या मुलखात शिरत असे. लोकांच्या बोलण्यात ती ‘मोगलाई’. अलीकडे कलदार रुपया, पलीकडे हाली सिक्का, आणि शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली असा ठरीव भाव. येडशी, तडवळे, ढोकी ही स्थानके या पलीकडच्या बाजूची. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेले धाराशिव, म्हणजे तेव्हाचे उस्मानाबाद, मात्र या लाइनवर नव्हते. त्याला जवळचे स्थानक येडशी. जिल्ह्यातून रेल्वे जाते, जिल्ह्याच्या गावातून जात नाही, ही स्थिती जवळजवळ शंभर वर्षे टिकली. पुढे तिचा एक अनपेक्षित कायदेशीर परिणाम झाला. त्याकडे शेवटी येऊ.

स्थानकांच्या नावांतच दंडाचे बीज होते, हे इथे लक्षात घेण्यासारखे आहे. ‘बार्शी रोड’चे तिकीट म्हणजे बार्शीचे तिकीट नव्हे. ‘लातूर रोड’ म्हणजे लातूर नव्हे. पहिल्यांदा गाडीत बसणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या माणसाला हा फरक कोणी सांगायचा? १८९० च्या कायद्याने याची थोडी काळजी घेतली होती. कलम ६५ प्रमाणे वेळापत्रक आणि भाड्याचा तक्ता इंग्रजीत व मुलखातील मुख्य देशी भाषेत स्थानकावर लावायचा. कलम ६६ प्रमाणे सर्वांत खालच्या वर्गाच्या तिकिटावर वर्ग आणि ठिकाणे देशी भाषेत लिहायची, वरच्या वर्गांच्या तिकिटांवर इंग्रजीत. वर्गभेद भाषेतही उतरवणारी ही तरतूद वाचताना गंमत वाटते, पण तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशासाठी ती उपयोगाची होती. अर्थात, वाचता येत असेल तरच.

आता सीमेचा प्रश्न. निजामाच्या हद्दीतल्या रुळांवर कायदा कोणाचा? या विषयावरचा गाजलेला निवाडा बार्शी लाइनचा नाही, निजामाच्या मुलखातल्याच दुसऱ्या रेल्वेचा आहे. पण योगायोग असा की तोही १८९७ चाच, म्हणजे बार्शी लाइन सुरू झाली त्याच वर्षीचा. मुहम्मद युसूफुद्दीन या निजामाच्या प्रजाजनाला हैदराबाद आणि वाडी यांच्या दरम्यानच्या शंकरपल्ली स्थानकावर, शिमल्याच्या दंडाधिकाऱ्याच्या वॉरंटवरून, अटक करण्यात आली होती. ज्या गुन्ह्यासाठी अटक झाली त्याचा रेल्वेशी संबंध नव्हता. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ती अटक बेकायदा ठरवली. निजामाने ब्रिटिशांना रेल्वेच्या जमिनीवर जो अधिकार दिला आहे तो रेल्वेच्या कारभारापुरता आहे, त्या पट्टीवर पाऊल ठेवणारा प्रत्येक माणूस सर्व बाबतींत ब्रिटिश हद्दीत येत नाही, असा त्याचा अर्थ. या निवाड्याची दुसरी बाजू सहसा कोणी सांगत नाही : तिकीट आणि भाडे हे तर निखळ रेल्वेचेच विषय. म्हणजे जो अधिकार त्या रुळांवर खरोखर दिला गेला होता, त्याच्या अगदी गाभ्यात विनातिकीट प्रवासी बसत होता.

मूळ पेचाकडे वळू. १८९० च्या कायद्याने दोन माणसे वेगळी केली. कलम ११२ हे फसवण्याच्या इराद्याने प्रवास करणाऱ्यासाठी. तो गुन्हेगार, त्याला शंभर रुपयांपर्यंत दंड. कलम ११३ हे ज्याच्याजवळ योग्य तिकीट नाही त्याच्यासाठी. तिथे इराद्याचा प्रश्नच नाही, फक्त पैशांचा हिशेब : भाडे आणि वर ‘जादा आकार’. जनतेच्या तोंडी दोन्हींना ‘दंड’च म्हणतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र दुसरा दंड नव्हेच, ती वसुली. चूक करणारा आणि चोरी करणारा यांना एकाच मापाने मोजू नये, ही समज त्या काळच्या कायद्यात होती. एवढेच नव्हे, पकडले जाण्याआधी प्रवाशाने स्वतःहून गाडीवरच्या कर्मचाऱ्याला सांगितले, तर जादा आकाराच्या बाबतीत त्याचा वेगळा विचार होई.

१९८९ च्या कायद्यात हीच जोडी कलम १३७ आणि कलम १३८ म्हणून आली. कलम १३७ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम १३८ मध्ये भाडे आणि जादा आकार. हा आकार भाड्याइतका किंवा २५० रुपये, यांपैकी जे जास्त असेल ते. २००४ पूर्वी ही किमान रक्कम ५० रुपये होती.

खरी मेख कलम १३८ च्या दोन पोटकलमांत आहे. पहिले पोटकलम ‘योग्य’ पास किंवा तिकीट जवळ नसलेल्या प्रवाशाचे. त्याच्याकडून संपूर्ण प्रवासाचे भाडे घेतले जाते, आणि तो कोठे चढला याबद्दल शंका असेल तर गाडी जिथून सुटली तिथपासूनचे किंवा तिकिटे शेवटची जिथे तपासली गेली तिथपासूनचे. दुसरे पोटकलम ज्याच्याजवळ तिकीट आहे, पण जो वरच्या वर्गात बसला किंवा तिकिटावरच्या ठिकाणाच्या पुढे गेला त्याचे. त्याच्याकडून फक्त फरक घेतला जातो. दोन्हींवर जादा आकार आहेच.

तिकिटाचा मार्ग सोडून दुसऱ्या मार्गाने गेलेला प्रवासी यांपैकी कोणत्या खणात बसतो? तो पुढे गेलेला नाही, कारण उतरणार तो तिकिटावरच्याच स्थानकावर. वरच्या वर्गात नाही. म्हणून दुसऱ्या पोटकलमाची अक्षरे त्याला लागू पडत नाहीत. मग पहिल्यातला ‘योग्य’ हा एकच शब्द उरतो. मार्ग चुकलेले तिकीट ‘योग्य’ आहे की नाही, हे ठरवण्यासाठी कायद्याची तिकिटाची यादी उघडली, तर तिथे मार्ग नाही.

हा शब्दच्छल नव्हे. एक मानीव उदाहरण घ्या. छोट्या मार्गाचे भाडे ४०० रुपये, लांबच्या मार्गाचे ४६०. प्रवासी छोट्या मार्गाच्या तिकिटावर लांबून निघाला. दुसऱ्या पोटकलमाचा न्याय लावला तर फरक ६० आणि जादा आकार २५०, एकूण ३१० रुपये. पहिले लावले तर त्याचे तिकीट शून्य धरले जाते : भाडे ४६० आणि जादा आकार ४६०, एकूण ९२० रुपये. चूक एकच, माणूस तोच, आणि आकडा जवळजवळ तिप्पट. कोणते पोटकलम लावायचे हे धावत्या गाडीत, पेन हाती असलेला माणूस ठरवतो. तो दुष्ट असतो असे नाही. बहुतेक वेळा तोही वरून आलेल्या परिपत्रकाच्या आधाराने चाललेला असतो, आणि समोर शंभर प्रवासी शंभर सबबी सांगत असतात.

‘नियम माहीत नव्हते’ ही सबब न्यायालयांनी कशी पाहिली, याची कथा इंग्लंडमधून येते, कारण आपला रेल्वे कायदा त्या विचारांच्या साच्यातूनच निघाला. १८७७ च्या पार्कर विरुद्ध साउथ ईस्टर्न रेल्वे या खटल्यात सामान ठेवण्याच्या पावतीचा वाद होता. पावतीच्या मागे छापलेली अट ग्राहकावर बंधनकारक आहे का, याचे उत्तर न्यायालयाने असे दिले की अटीची पुरेशी सूचना दिली गेली होती का, हे पाहावे. हे तत्त्व उदार वाटते. पण १९३० च्या थॉम्पसन खटल्यात त्याचे टोक दिसले. वाचता न येणाऱ्या बाईसाठी तिच्या भाचीने सहलीचे स्वस्त तिकीट काढले. तिकिटावर ‘अटी मागे पाहा’, मागे ‘वेळापत्रक पाहा’, आणि ज्या वेळापत्रकात अट होती त्याची किंमत सहा पेन्स, म्हणजे तिकिटाच्या सुमारे एकपंचमांश. गाडीतून उतरताना बाईंना दुखापत झाली आणि रेल्वेने अट पुढे केली. न्यायालय म्हणाले, सूचना पुरेशी होती. तिला वाचता येत नव्हते याने फरक पडत नाही. येडशीच्या फलाटावर पंढरीच्या गाडीची वाट पाहणाऱ्या निरक्षर वारकऱ्याला हा न्याय लावून पाहिला, म्हणजे त्यातला कठोरपणा नीट कळतो. कागदावर त्याला सूचना मिळालेली असे. भिंतीवर तक्ता होताच ना.

मग दाद. १८९० चा आणि १९८९ चा, दोन्ही कायदे इथे एक चमत्कारिक व्यवस्था करतात. जादा आकाराविरुद्ध अपील करण्याची तरतूद कलम १३८ मध्ये नाही. दंडाधिकारी त्यात आहे, पण त्याच्याकडे जाते रेल्वे. प्रवाशाने पैसे द्यायला नकार दिला, तर अधिकृत कर्मचारी दंडाधिकाऱ्याकडे वसुलीसाठी अर्ज करतो. ही रक्कम देणे लागते अशी खात्री पटल्यास दंडाधिकारी ती दंडासारखी वसूल करण्याचा हुकूम देतो आणि ती न भरल्यास दहा दिवस ते एक महिना कैदही सांगू शकतो. म्हणजे नकार देणाऱ्यालाच न्यायासनासमोर उभे राहून ‘माझे तिकीट योग्य होते’ असे म्हणता येते, आणि तेही कैदेची जोखीम पत्करून. जो सभ्यपणे पैसे भरतो त्याची बाजू कोणी ऐकतच नाही. त्याच्यासमोर उरतो तो परताव्याचा अर्ज.

हा अर्ज प्रथम रेल्वेच्याच वाणिज्य विभागाकडे जातो. तिथे समाधान झाले नाही तर रेल्वे दावा न्यायाधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याने स्थापन झालेले हे न्यायाधिकरण १९८९ मध्ये सुरू झाले, आणि भाडे किंवा त्याचा भाग परत मिळवण्याचे दावे त्याच्या कक्षेत आले. त्या विषयांपुरते इतर दिवाणी न्यायालयांचे दार बंद झाले. जादा आकार ‘भाडे’ या शब्दात बसतो का, यावर वकील वाद घालू शकतील. पण त्याआधीचा अडथळा साधा आहे. महाराष्ट्रात या न्यायाधिकरणाची पीठे मुंबई आणि नागपूर येथे आहेत. धाराशिवहून मुंबई म्हणजे रात्रभराचा प्रवास. तीनशे रुपये चुकीने गेले म्हणून तो कोण करील? ऐतिहासिक कागदपत्रांत अशा वादांचे निवाडे विरळ सापडतात, याचे कारण वाद विरळ होते असे समजणे भाबडेपणाचे ठरेल.

इंग्लंडने १९८९ मध्येच, म्हणजे आपला नवा कायदा झाला त्याच वर्षी, ब्रिटिश रेल्वेसाठी ‘पेनल्टी फेअर’चा स्वतंत्र कायदा केला. तिथेही सुरुवातीची अनेक वर्षे दाद मागण्याची सोय तोकडी असल्याची ओरड होती. २०१८ च्या नियमांनी टप्प्याटप्प्याचे अपील आणले : दंड लागल्यापासून २१ दिवसांत पहिले अपील, ते फेटाळले तर दुसरे, आणि शेवटी रेल्वे कंपन्यांपासून स्वतंत्र असलेले तीन सदस्यांचे मंडळ. एकाच कुळातून आलेल्या दोन कायद्यांची वाट इथे वेगळी झाली. चूक आणि चोरी यांत फरक करणे दोघांनाही १८८९–९० मध्येच जमले होते. चुकीच्या वसुलीविरुद्ध घरबसल्या पत्र लिहिण्याची सोय एकालाच जमली.

आपल्या कायद्यात प्रवाशाच्या बाजूचे एक साधन मात्र आहे, आणि ते फारसे कोणाला ठाऊक नसते. १८९० चे कलम ६८, आजचे कलम ५५ : तिकीट न काढता बसायची वेळ आली, तर रेल्वे कर्मचाऱ्याची परवानगी घेऊन, भाडे नंतर भरण्याच्या अटीवर, तसा दाखला घेता येतो. जुने लोक याला ‘गार्ड सर्टिफिकेट’ म्हणत. हा दाखला जवळ असेल तर जादा आकार लागत नाही. कायदेकर्त्यांना हे कळत होते की खिडकी बंद असते, रांग मोठी असते, आणि गाडी थांबत नाही.

आता धाराशिवच्या त्या अनपेक्षित परिणामाकडे. कलम १३९ प्रमाणे भाडे आणि जादा आकार न देणाऱ्याला गाडीतून उतरवता येते. पण बाई किंवा मूल असेल आणि सोबत पुरुष प्रवासी नसेल, तर तिला वाटेल तिथे उतरवता येत नाही. जिथून प्रवास सुरू झाला ते स्थानक, जंक्शन, शेवटचे स्थानक किंवा जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणचे स्थानक, एवढ्याच जागी आणि तेही फक्त दिवसा. हा कायदा १ जुलै १९९० पासून अमलात आला. त्या दिवशी जिल्ह्यातली रेल्वे म्हणजे जुनी नॅरोगेजच. कुर्डूवाडी हे जंक्शन सोलापूर जिल्ह्यात. छोट्या गाडीचे टोक लातूरला, आणि लातूर १९८२ पासून वेगळा जिल्हा. मध्ये येडशी, तडवळे, ढोकी. जंक्शन नाही, टोक नाही, आणि जिल्ह्याचे मुख्य ठिकाण रुळांपासून दूर. परिणामी धाराशिव जिल्ह्याच्या संपूर्ण हद्दीत, जिथून ती चढली ते स्थानक सोडले तर, एकट्या बाईला कायदेशीरपणे उतरवता येईल असे एकही स्थानक नव्हते! ज्या गावाला रेल्वे मिळाली नाही म्हणून पिढ्यान्‌पिढ्या हळहळ व्यक्त झाली, त्याच अभावाने कोणा अनोळखी प्रवासिनीच्या भोवती नकळत एक कुंपण घातले होते.

ते २००७–०८ मध्ये उठले. ब्रॉडगेज करताना मार्ग वळवून धाराशिव गावातून नेण्यात आला. लातूर ते धाराशिव हा टप्पा २००७ मध्ये सुरू झाला, धाराशिव ते कुर्डूवाडी २००८ मध्ये. जिल्ह्याच्या गावाला अखेर फलाट मिळाला, आणि कलम १३९ च्या यादीत बसणारे एक स्थानकही. २०२३ मध्ये जिल्ह्याचे आणि शहराचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. त्यापाठोपाठ स्थानकाची पाटीही बदलली, आणि तिकिटावरचे ‘कोठून, कोठपर्यंत’ही.

रुंद रुळांबरोबर मार्गाचा प्रश्नही मोठा झाला. छोट्या गाडीच्या काळात येडशीहून निघालेल्याला दोनच दिशा होत्या, चुकायला वाव कमी. आज लातूरहून मुंबईला कुर्डूवाडी–पुणे मार्गे जाता येते आणि लातूर रोड–परळी–परभणी–मनमाड असा लांबचा वळसा घालूनही. अंतरे वेगळी, भाडी वेगळी, आणि तिकिटावरचा ‘वाया’ दोन अक्षरांचा.

सोलापूर–तुळजापूर–धाराशिव या सुमारे ८४ किलोमीटरच्या नव्या लाइनचे काम मंजूर झाले आहे. ती पूर्ण झाली की धाराशिव जंक्शन होईल, आणि धाराशिवहून सोलापूरला जाण्याचे दोन रस्ते असतील : एक कुर्डूवाडीला वळसा घालून जुना, एक तुळजापूरवरून जवळचा. नवरात्रात तुळजापूरचे तिकीट काढून आलेला भाविक दर्शनाच्या गर्दीतून परतताना मिळेल त्या गाडीत बसेल, ती कुर्डूवाडीकडून जाणारी निघेल, आणि तपासनीस त्याचे तिकीट उजेडात धरून ‘वाया’पुढचे नाव वाचील. त्याच्यासमोर तेव्हाही कलम १३८ ची तीच दोन पोटकलमे असतील आणि पहिल्यातला तोच एक शब्द, ‘योग्य’.